समोर कोणी नसताना

हिंगोलीत माणसाला एकट्यानं काही करायची सोय नाही. बंदी नाही, पण सोयही नाही. सकाळी सहाला रामलीला मैदानावर नुसतं उभं राहिलं तरी पाच मिनिटांत कोणीतरी जवळ येऊन विचारतं, "कोणाची वाट पाहायलात?" चालत असाल तर हरकत नाही, चालण्यामागे शुगर असते. पळत असाल आणि वय पंचविशीच्या आत असेल तर पोलीस भरती. डोळे मिटून बसला असाल तर टीव्हीवरच्या बाबांची कृपा. पण साठी ओलांडलेली एक बाई, पंजाबी ड्रेस, पायात नातवानं टाकून दिलेले बूट, हातात कानाएवढी उंच काठी. ती काठी समोर कोणी नसताना गरागरा फिरवतेय आणि मध्येच एक पाऊल मागे घेऊन कोणाच्या तरी न दिसणाऱ्या डोक्यात हाणतेय, या प्रकाराला आमच्या गावाच्या वहीत रकाना नाही.

ती बाई मी. जन्म मास्तरकीत गेला, त्यामुळे निम्मं गाव मला 'बाई' म्हणतं आणि उरलेलं 'मॅडम'. दोघांनाही माझी काळजी वाटते.

मी करते त्याला लाठीचे हात म्हणतात. कराटेवाली पोरं ज्याला काता म्हणतात, चीनमधल्या बागांत आजी-आजोबा ताई-ची म्हणून जे संथपणे करतात आणि कोल्हापूरकडे मर्दानी खेळात पट्ट्याचे हात करतात, त्या सगळ्यांची मूळ बोली एकच आहे. समोर शत्रू आहे असं धरायचं. ठरलेल्या क्रमानं अडवायचं, वळायचं, वार करायचा, पुन्हा जागेवर यायचं. शत्रू रोज त्याच वेळी, त्याच बाजूनं, त्याच बेतानं येतो. इतका शिस्तीचा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही.

लोकांचा पहिला अंदाज कुत्र्यांचा. "लई कुत्रे झालेत का बाई तुमच्या गल्लीत?" दुसरा अंदाज सापाचा. तिसरा शिवजयंतीच्या कार्यक्रमाचा, "मॅडम, बसवायलात काय काही पोरींचं?" आणि चौथा, जो सगळ्यात जास्त चालतो, तो खांद्याचा. "खांदा जखडला का?" याला मी एकदा कंटाळून "हो" म्हणाले आणि मला मोठाच शोध लागला. डॉक्टरांनी सांगितलं, एवढं म्हटलं की हिंगोलीत माणसाला काहीही करता येतं. उलटं चालता येतं, झाडाला मिठी मारता येते, वाडग्यातून कारल्याचा रस पीत रस्त्यानं जाता येतं. 'आवडतं म्हणून करते' हे मात्र कोणी ऐकून घेत नाही. आवडतं म्हणजे काय, घरी काही काम नाही का? खांद्याच्या उत्तराची अडचण एवढीच, की विचारणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. तिचाही खांदा जखडलेला होता आणि त्यांना डॉक्टरांचा पत्ता हवा होता.

काठी भरीव वेळूची आहे. बुरडाकडून पेरं जवळजवळ असलेली निवडून आणली, गाठी कानशीनं घासल्या, अधूनमधून जवसाचं तेल चोळते. जमिनीवर उभी केली की टोक कानाच्या पाळीला लागतं. ती फिरते कशी, हे लांबून बघणाऱ्याला वाटतं तसं नाही. जोर लावायचाच नसतो. एक टोक डाव्या बगलेतून निघतं, उजव्या कानाशेजारून जातं, गुडघ्याच्या बाहेरून खाली उतरतं आणि पुन्हा वर चढतं. मनगट सैल असलं की काठी आपली आपण वाट काढते आणि हवेत घुमल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजाच्या मोहानं मनगट आवळलं की आवाज बंद, आणि पुढच्याच फेऱ्यात नडगीवर प्रसाद. माझ्या नडग्या बघून सून एकदा म्हणाली, "आई, समोर कोणी नसतं ना नक्की?"

हे मला शाळेत शिकवलं होतं. तेव्हा हिंगोली म्हणजे परभणी जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागला. आमच्या व्यायामाच्या सरांनी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळी वर्ग केला होता. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये काढलेली ती संस्था. विदर्भ-मराठवाड्यातले कितीतरी व्यायामशिक्षक तिथल्याच मातीतून निघाले. मंडळाचं पथक 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. सर ही हकिकत अशी रंगवून सांगायचे की पथकात ते स्वतः होते, याबद्दल आम्हाला शंकाच नव्हती. हिशेब पुढे केव्हातरी केला. तेव्हा सर पाळण्यात असावेत. तिकडे बडोद्याला करंदीकर-मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा जाडजूड खंड काढले, पण सरांचा पुस्तकावर विश्वास नव्हता. मुलींना काठी कशाला, असं कोणी पालक म्हणाला तर ते म्हणायचे, "मग मुलांनाही नको. सारखा न्याय." पालक गप्प बसत, कारण मुलांना हवी होती.

आता मैदानाच्या दुसऱ्या अंगाला सुट्टीत कराटेचा वर्ग भरतो. पांढरे कपडे, पिवळे पट्टे, बिनबाह्यांच्या स्वेटरमधल्या आया कडेला. पोरं हेआन शोदान करतात, त्यांचा पहिला काता. त्यांचे सर 'इचि, नि, सान, शि' अशी मोजणी खास मराठवाडी ठसक्यात करतात आणि ज्या पोराला तेराचा पाढा येत नाही ते पोरगं जपानीत दहापर्यंत ठणकावून मोजतं. मला त्याचं दुःख नाही. तेराचा पाढा कोणी हातवारे करत शिकवला असता तर तोही आला असता.

कराटे ओकिनावाहून टोकियोला नेणारे गिचिन फुनाकोशी, जन्म 1868, हेही पेशानं प्राथमिक शिक्षक. म्हणून मला ते जवळचे. त्यांच्या तरुणपणी ओकिनावात ही विद्या चोरून शिकायची पद्धत होती. फुनाकोशी दिवसा पोरांना शिकवायचे आणि रात्री कंदील घेऊन अझातो गुरुजींच्या घरी चालत जायचे. परसात एकच काता महिनोन् महिने. गुरुजी ओसरीवर बसून बघणार आणि म्हणणार, पुन्हा. पहाटे घरी परत. आता तरुण मास्तर रोज रात्री कंदील घेऊन कुठे जातो, हा प्रश्न शेजाऱ्यांना पडला. त्यांनी आपापसांत विचार करून काढलेलं उत्तर फुनाकोशींनी आत्मचरित्रात प्रांजळपणे दिलंय: कलावंतिणींच्या वस्तीत जात असणार, दुसरं काय? हे वाचल्यापासून मला आमच्या गावाबद्दल आदर वाटू लागला. इथं माझ्याबद्दल फार तर खांद्याचा संशय आहे.

चोरून केलेल्या विद्येचा हिंगोलीला स्वतःचा अनुभवही आहे, आणि तो काही साधासुधा नाही. हे गाव निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होतं. 1903 मध्ये ती फौज ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात विरघळली. पलटण गेली, घोडे गेले, तोफा गेल्या, पण पत्ते राहिले. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही आजही आमच्या वस्त्यांची नावं आहेत. मी पेन्शनर, पण राहते रिसाल्यात. घोडा नाही. एवढ्या लष्करी पत्त्यांच्या गावात एका बाईच्या काठीकडे लोकांनी वळून का बघावं, कळत नाही.

तर त्या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. भला माणूस, मोठी उलाढाल, गोऱ्या साहेबांची त्याच्याकडे नेहमीची खरेदी. त्यानं एकदा तिथले अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेलं होतं, फक्त ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. हरीसिंगानं वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना संपवलं, साहेबाच्या परवान्यावर माल आणला आणि छावणीत उजळ माथ्यानं विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. पकडल्यावर त्यानं हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. त्याच्या टोळीनं छावणीच्या भर बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. फिलिप मेडोज टेलर यांनी 1839 च्या आपल्या ठगावरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हे लिहून ठेवलंय, आणि त्यातले काही खड्डे उकरले तेव्हा ते स्वतः हजर होते.

रुमालानं गळा आवळायच्या त्या विद्येचेही ठरलेले हात असणारच. कोणता पाय पुढे, खूण कधी, गाठ कोणत्या हातात. सराव केल्याशिवाय असली सफाई येत नाही. पण तो सराव हिंगोलीत कोणी कधी पाहिला नाही. शेजारीपाजारी हरीसिंगाला विचारत असतील ते कापडाचा भाव. म्हणून माझं आपलं मत असं, की जो सकाळी उजेडात, चारचौघांसमोर, नडगी सुजवून घेत काठी फिरवतो त्याच्याबद्दल गावानं निर्धास्त असावं. ज्याला खरंच कोणाला हाणायचंय तो तुम्हाला रंगीत तालीम दाखवत नाही. तो नमस्कार करतो आणि तुमचं कसं चाललंय ते विचारतो.

गावाची अडचण मात्र मला समजते. आमच्याकडे शस्त्र उचललं की समोर कोणीतरी पाहिजे. रामलीला मैदानाचं नावच रामलीलेवरून. खाकीबाबांच्या मठापासून सुरू झालेला इथला दसरा दीडशे वर्षांहून जुना. प्रदर्शन, पाळणे, रामलीला आणि शेवटी रावणाचं दहन. बाण सुटला की रावण पेटतो, हा हिशेब पोरांना चालता येण्याआधी कळतो. मराठवाड्यात मोहरमच्या सवाऱ्यांपुढे लाठी-बनेटीचे हात व्हायचे, शेजारच्या नांदेडला होला मोहल्ल्यात गतका असतो, मिरवणुकीत तरुण मंडळं दांडपट्टा काढतात. 2024 मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केल्यापासून तर तो जरा जोरातच काढतात. या सगळ्यात ढोल असतो, गुलाल असतो, जोडीदार असतो, निदान फोडायला नारळ तरी असतो. माझ्यापाशी यातलं काहीच नाही. एक छोटा मुलगा सायकल तिरकी करून, एक पाय टेकवून रोज बघायचा. बरेच दिवस त्यानं धीर धरला. शेवटी म्हणाला, "आजी, रावण कवा येणार?"

मी म्हटलं, "येत नसतो रे."

"मग तुम्ही कोणाला मारायलात?"

मी नीट उत्तर दिलं. सांगितलं की हे मारणं नाही, शिकणं आहे. पाय, कंबर, मनगट एका वेळी हलायला पाहिजे. मन एका जागी राहतं. तीस-पस्तीस वर्षं वर्गावर उभं राहून जे कमावलं ते सगळं या उत्तरात ओतलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे येणारच नाही?" आणि पेडल मारून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होता. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

बघ्यांना टाळायला मी कोपरे बदलून पाहिले. इथं प्रत्येकाला नामदेवांची गोष्ट माहीत असते: औंढ्याला नागनाथासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून नामदेव देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरलं. (नरसीचे हे संत आमच्या जिल्ह्याचे एवढे की पोलिसांचं कवायत मैदान त्यांच्या नावाचं आणि हळदीचं मार्केट यार्डही त्यांच्याच नावाचं. सावधान-विश्राम आणि हळदीचा लिलाव, दोन्ही त्यांनी सांभाळायचं.) माझ्या बाबतीत देऊळ फिरलं नाही, पण बाकं फिरली. म्हणजे बाकं तशीच, त्यांवरची मंडळी पाठमोरी बसू लागली. पिंपळाच्या आडोशाला गेले तर पेन्शनर मंडळींनी चालायचा रस्ता पिंपळावरून वळवला. घराच्या गच्चीवर करून पाहिलं, तिथं शत्रूपेक्षा कपडे वाळत घालायच्या दोऱ्या जास्त आणि खालून आवाज, "बाई, वर कोणी चोर शिरला का?" दसऱ्याच्या दिवसांत मैदानावर पाळणे लागले की मी जलेश्वर तलावाच्या बाजूला जाते. तिथं बघे निराळे आहेत, एवढाच फरक.

यांतले काही बघे आता परीक्षक झालेत. एक निवृत्त हवालदार आहेत, राज्य राखीव पोलीस दलाच्या इथल्याच बाराव्या गटातले. हात पाठीमागे बांधून ते माझा शिरमार बघत उभे राहिले. मला वाटलं, दाद येईल.

"मॅडम, हे चालत नाही."

"का?"

"लाठी कमरेखाली मारायची असते. तुम्ही सरळ डोक्यातच घालायलात. चौकशी लागंल."

समोर कोणी नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "तेच म्हणतात सगळे नंतर."

दुसरे परीक्षक कयाधूच्या बाजूनं शेळ्या घेऊन येणारे एक धनगर मामा. त्यांच्या हातातल्या काठीला तेल नाही, माप नाही, ती जन्मापासून हातातच असल्यासारखी. त्यांनी माझे सगळे हात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले, सलामीसकट, आणि फक्त एवढंच बोलले, "एवढी हालवली तर शेळी भिणारच नाही माय. तिला वाटंल, हिचं रोजचंच हाय." मग स्वतःची काठी जमिनीपासून वीतभर उचलली. एवढीच. रस्त्याकडे सरकलेल्या तीन शेळ्या मुकाट्यानं आत आल्या. मी विषय बदलून बोकडांचा भाव विचारला.

सध्या मैदानावर भरतीच्या पोरींची गर्दी आहे. कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडच्या खेड्यांतून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, पन्नास मार्कांचं मैदान. त्यांची सकाळ स्टॉपवॉचवर चालते. पळून झालं की पाय ताणत माझ्या आसपास बसतात. त्यांना रावण नको असतो, खांद्याची चौकशी नसते. त्यांचा प्रश्न नेमका असतो.

"बाई, ह्याला मार्क हायत का?"

"नाहीत."

"मग सर्टिफिकेट?"

"तेही नाही."

त्या एकमेकींकडे बघतात. भरतीच्या पोरी निर्दय नसतात, पण त्यांना वेळ नसतो. बहुतेक उठून गोळ्याकडे जातात. एक मात्र राहिली. उंच, काटक, सेनगावकडची. तिनं काठी मागितली, दोन्ही हातांनी धरून जरा तोलून पाहिली आणि पहिल्याच फेऱ्यात स्वतःच्या नडगीवर अशी घेतली की मैत्रिणी तिकडून पळत आल्या. ती नडगी धरून खाली बसली आणि खो खो हसायला लागली. म्हणाली, "पुन्हा." मी इतकी वर्षं गुरुजींच्या तोंडचा 'पुन्हा' ऐकत, म्हणत आले, शिकणाऱ्याच्या तोंडून तो फार कमी वेळा ऐकलाय. मनगट कसं सोडायचं ते तिला दाखवलं. थोड्या वेळानं, एकदाच, काठी घुमली. तिनं चमकून मागे पाहिलं, आवाज कोणी काढला म्हणून.

शनिवारी गावी जाताना तिनं काठी मागून नेली. "सोमवारी आणून देते बाई, दोन दिवस तेवढाच सराव." सोमवारी आली ती हात हलवत. घरी हळद शिजवून अंगणभर वाळत घातली होती, शेजारच्या शेळ्या अंगणात शिरत होत्या आणि तिच्या आईला काठी फार पसंत पडली होती. "आई म्हणाली, बाईंना सांग, हळद पॉलिश होऊन वसमतच्या मार्केटला जाईपर्यंत राहू द्या. लई चांगली काठी हाय म्हणे, कानाएवढी, आणि तेलबी पाजलेलं हाय."

"आणि तुझा सराव?"

"केला की. आईच्या माघारी, शेळ्यांसमोर."

"घाबरल्या का शेळ्या?"

"नाही ना," ती म्हणाली. "बघत बसल्या."

मी दुपारी बुरडाकडे गेले. त्यानं दोन काठ्या काढून ठेवल्याच होत्या. गावात कळलं होतं.